कूस बदललेली वाघीण

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नागपुरात त्या दिवसांत कूलरसमोरून उठणं जिवावर येतं, आणि मी तर सकाळपासून एका वाघिणीच्या अंगावरचे पट्टे पुसत बसले होते.

काम मुलांच्या निसर्ग शिबिराचं होतं. कुणाचा अंगरखा कुणाच्या अंगावर, असा फलकांचा खेळ. झेब्र्याला जिराफाची नक्षी, वाघाला बिबट्याचे ठिपके, आणि मुलांनी मूळ प्राणी ओळखायचा. वाघिणीचा फोटो शिबिरवाल्यांनीच दिला होता. ताडोब्यातला, पाणवठ्याकडे निघालेली असताना बाजूने टिपलेला.

ठिपके कापून आणायचे आणि चिकटवायचे, इतकं हे सोपं नसतं. तसं केलं की वाघाला अभ्रा घातल्यासारखं दिसतं. आधी पट्टे काढायचे, तेही खालची सावली न हलवता. म्हणून मी संगणकावर फोटोचे दोन थर करते. एकात रंग आणि उजेड-सावली, दुसऱ्यात केसांचा बारीक पोत. पट्टा दोन्हीतून वेगवेगळा पुसायचा, म्हणजे फासळ्यांचा उंचसखलपणा शाबूत राहतो. मग नक्षी मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालची सावली तिच्यातून दिसत राहील अशी, वर ठेवायची आणि वार्पने, म्हणजे ताणून-वाकवून, अंगाच्या गोलाईवर बसवायची.

त्यात बिबट्याचा ठिपका सगळीकडे सारखा नसतो. पाठीवर आणि कुशीवर फुलं असतात, तुटक काळ्या पाकळ्यांची, आणि पाकळ्यांच्या मधला रंग बाकीच्या अंगापेक्षा जरा गडद. (फुलाच्या आत आणखी बारीक ठिपके दिसले तर तो जग्वार. ही गफलत फार होते.) पाय, पोट, डोकं इथे भरीव ठिपके. कोपरामागे सैल कातडीच्या घडीत फूल अर्धं आत बुडतं. त्या एका घडीवर माझा पाऊण तास गेला. तीन पिक्सेलच्या ब्रशने एकेक केस पाकळीच्या कडेबाहेर ओढायचा, तोही केसाच्या वळणानेच, नाहीतर कड कात्रीने कापल्यासारखी दिसते.

दुपारी शिबिराच्या मॅडम काम बघायला आल्या. सोबत एक निवृत्त वनरक्षक होते, कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावण्यात आणि त्यांतले फोटो निवडण्यात कित्येक वर्षं घालवलेले. काका पाणी प्यायले, खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले आणि म्हणाले, "ताई, हे शेपूट कोनाचं व्हय?"

"बिबट्याचं, काका. ठिपके टाकलेत ना."

"बिबट्याच्या शेपटाले टोकापर्यंत ठिपके नसते. शेवटी कडे असते."

मी बिबट्याचा मूळ फोटो उघडला. बुडाशी ठिपके, पुढे ते एकमेकांत मिसळत गेलेले आणि टोकाकडे कडी, शेपटीभोवती गोल पट्टे. खरं तर मला हे ठाऊक असायला हवं होतं. गणितज्ञ अ‍ॅलन ट्यूरिंगने 1952 साली मांडलं, की अंगात पसरणाऱ्या दोन रसायनांच्या चढाओढीतून अशी नक्षी उमटू शकते. पुढे जेम्स मरे या गणितज्ञाने त्यावरून दाखवलं, की शेपटीसारख्या निमुळत्या भागात ठिपक्यांना जागाच पुरत नाही, तिथे कडी होतात. मी वाचलेलं होतं. तरी घाईत टोकापर्यंत फुलं डकवली होती.

"हिचा आधीचा फोटो दावा बरं," काका म्हणाले. मी वरचे सगळे लेयर बंद केले. पट्टे परत आले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हे वाघीण उलटी हाये."

मी गप्प झाले. मजकूर उजवीकडे यायचा होता, वाघिणीचं तोंड मजकुराकडे असावं म्हणून सकाळीच मी फोटो आडवा पलटवला होता. एका क्लिकचं काम, रोज करते. कुणाला सांगितलंही नव्हतं.

काकांनी बोट काचेला न लावता मांडीजवळ धरलं. तिथे एक पट्टा बेचकीसारखा फाकलेला होता. "ही बेचकी तिच्या डाव्या कुशीवर हाये. उजवीकडं नाही. हिले मी पिल्लू असताना पाह्यलं."

मग त्यांनी समजावलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण एकाच वाघाच्या दोन कुशी जुळत नाहीत. दोन्ही बाजू मिळाल्या की तो वाघ पक्का. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात पट्ट्यांवरून वाघ ओळखून मोजायला सुरुवात केली, आणि 2022च्या गणनेत देशात किमान 3167 वाघ आहेत हे सांगतानाही हाच मुख्य आधार होता. मी पलटवलेली वाघीण मात्र कुठल्याच जंगलात नव्हती.

मी फोटो सरळ केला. तेव्हा लक्षात आलं, की सगळे लेयर एकदम पलटवले तर वरची बिबट्याची नक्षीही उलटी होणार. तोही कुणीतरी एक बिबट्या होता, त्याचीही फुलं त्याची एकट्याची. काकांनी तसं म्हटलं नव्हतं, पण माझ्याने ते होईना. दिवसभराचं काम बाजूला ठेवलं, डाव्या कुशीचा दुसरा बिबट्या शोधला आणि कोपरामागच्या घडीपासून पुन्हा सुरुवात केली. मजकूर डावीकडे घेतला. रात्री अकराला शेपटाच्या टोकावर शेवटचं कडं बसलं.

त्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाईलच्या नावात आता डावी कूस किंवा उजवी कूस असं लिहिलेलं आहे.