साडेपाच तासांचा दाखला

बोटीच्या विम्याचे पैसे हातात पडायला आम्हाला 11 महिने लागले. त्यातले साडेतीन महिने 'यूटीसी' या तीन अक्षरांपायी गेले. आमच्या बंदरात आणखी दोघांच्या फायली अशाच अडकल्यात असं कळलं, म्हणून लिहायला बसलोय. आणि खरं सांगायचं तर राग अजून उतरलेला नाही.

मी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यावरून माझीच फजिती होणार आहे. बोट धाकट्या भावाची, कर्जावरची. घरात इंग्रजी कागद वाचणारा मी एकटा, त्यामुळे फाइल माझ्या गळ्यात.

ऑक्टोबरमधली गोष्ट. भर पावसाळ्यात अरबी समुद्रात वरचे आणि खालचे वारे इतके उलटसुलट वाहतात की वादळाला उभं राहायला जमत नाही. आपल्याकडची वादळं येतात ती मे-जूनमध्ये, नाहीतर पाऊस परतताना. निसर्ग 3 जून 2020 चं, तौक्ते मे 2021 चं, क्यार ऑक्टोबर 2019 चं. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं, नुसतं कमी दाबाचं क्षेत्र होतं. हे 'नुसतं' पुढे फार महागात पडलं.

भाऊ दुपारी 2.30 ला सुटला. सकाळच्या हवामान पत्रकात इशारा होता, पण तो पूर्व-मध्य अरबी समुद्रासाठी. महाराष्ट्र किनाऱ्याचं नाव त्यात नव्हतं. ते आलं संध्याकाळी. तोवर बोट पंचवीसेक सागरी मैल बाहेर, आणि मोबाइलची रेंज त्याच्या खूप आधीच सुटते. शेजारच्या बोटीने वायरलेसवर सांगितलं. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, जाळं ओढायला घेतलं, निम्मं ओढलं, निम्मं कापलं आणि जयगडच्या खाडीकडे तोंड वळवलं. रात्री कधीतरी समुद्राने झोडपलं. आधी काच गेली, मग केबिन, मग इंजिनात पाणी. दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढत आणलं. आठही माणसं घरी आली, म्हणून पुढचं रडगाणं फक्त कागदांचं आहे.

पंचनामा, मत्स्यव्यवसाय खात्याचा कागद, सर्व्हेअर, फोटो, सगळं तीन आठवड्यांत उरकलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग विमा कार्यालयाचं पत्र आलं. कुठलं कार्यालय ते सांगत नाही. पत्रात दोन मुद्दे होते. एक, घटनेच्या वेळी हवामान खराब असल्याचा अधिकृत पुरावा द्यावा. दोन, खराब हवामानाचा इशारा असताना नौका समुद्रात का नेली याचा खुलासा करावा. म्हणजे वादळ होतं हे सिद्ध करायला इशारा दाखवायचा, आणि इशारा दाखवला की गेलातच का? इकडे आड, तिकडे विहीर.

पहिल्या मुद्द्यात माझं मीच वाटोळं केलं. हवामान खात्याकडे अर्ज करून त्या रात्रीची वाऱ्याची नोंद मागवली. आकडे पुण्याहून मिळतात, शुल्क भरावं लागतं, त्यात काही अडचण आली नाही. अडचण आकड्यांचीच होती. जमिनीवरच्या वेधशाळेत त्या रात्री वारा बेताचाच होता! जमीन, झाडं, घरं वाऱ्याला अडवतात, समुद्रावर अडवायला काही नसतं. वरून हा प्रकार ढगाखालच्या झोताचा, एका पट्ट्यात झोडपतो आणि दहा मैलांवर पत्ताही नसतो. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी तो कागद आपल्या हाताने नेऊन दिला. तुम्ही असं करू नका. जमिनीवरच्या नोंदीऐवजी समुद्राचा अंदाज आणि लाटांची माहिती मागा. लाटांचं काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था करते.

विमा कार्यालयातल्या टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "वादळाचं नाव काय?"

म्हटलं, नाव नव्हतं.

"नाव नाही, मग वादळ कसलं?"

वारा ताशी 62 किलोमीटरवर गेला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि तेव्हाच नाव मिळतं. त्याच्या खालचं सगळं बिननावाचं, मग 55-60 च्या झोताने तुमची केबिन गेली तरी. हे मी त्यांना नीट समजावलं. त्यांनी नीट ऐकलं आणि फाइलवर 'वादळ नाही' असं लिहिलं.

लाटांचंही तसंच. पत्रकात 'लाटेची उंची 3 मीटर' असतं, ती सगळ्यांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्यातली एखादी लाट जवळजवळ दुप्पट येऊ शकते. केबिन त्या एका लाटेने जाते, सरासरीने नाही. हेही सांगून झालं.

आता खरा गुंता. सर्व्हेअरने नेटवरून जहाजांसाठीचं इंग्रजी सागरी पत्रक काढून फाइलला जोडलं होतं. त्याच्या डोक्यावर '1200 यूटीसी' होतं, खाली आमच्या पट्ट्यासाठी इशारा. साहेबांनी शेजारी लाल पेनाने हिशेब मांडला होता: इशारा 12.00 वाजता, नौका रवाना 14.30 वाजता, म्हणजे इशाऱ्यानंतर अडीच तासांनी नौका नेली, सबब दावा अपात्र.

आणि मी, 20 वर्षं भूगोल शिकवणारा माणूस, तो हिशेब वाचून गप्प बसलो. घरी येऊन भावावरच ओरडलो. "बाराला इशारा आला होता, कुणी बघितला नाही का रे?" तो म्हणाला, "दादा, बाराला आम्ही धक्क्यावर बर्फ भरत होतो. आठ जणांचे आठ मोबाइल, फुल रेंज. मेसेज आला असता तर एकाला तरी दिसला असता ना?" मी म्हटलं, छापलेलं खोटं असतं का? आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. वहिनी तर माझ्या पानात वाढून सरळ आत निघून जायची.

त्यानंतर दोनदा त्या कार्यालयात जाऊन नुसती विनवणी करून आलो. एकदा साहेब रजेवर, एकदा 'वर विचारतो'. तिसऱ्यांदा बाकावर बसलो असताना ते पत्रक उगाच पुन्हा वाचलं. वारा 30 लिहिलेला, आणि साहेबांनी तिथे लाल पेनाने 'फक्त 30 किमी' केलं होतं. म्हटलं, अरे हे तर नॉट! 30 नॉट म्हणजे ताशी 55 किलोमीटर. आणि वारा नॉटमध्ये असेल तर वेळ कुठली?

यूटीसी म्हणजे ग्रिनिचची वेळ. आपली प्रमाण वेळ 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखांशाची, एका अंशाला 4 मिनिटं, एकूण 5 तास 30 मिनिटं पुढे. बारा यूटीसी म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. पत्रक जगभरच्या जहाजांसाठी असतं. आज मुंबईला असलेलं जहाज चार दिवसांनी ओमानला, त्याने घड्याळ कुठलं बघायचं? म्हणून सगळ्यांना एकच वेळ. हे दरवर्षी मी फळ्यावर लिहितो. आठवीच्या पोरांना त्यावर गणितं घालतो आणि चुकली की मार्क कापतो.

म्हणजे बोट इशाऱ्याच्या तीन तास आधी गेली होती. वाटलं, आता काय, दोन मिनिटांचं काम.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "यूटीसी म्हणजे साडेपाच तास मागे, याचा अधिकृत दाखला आहे का?"

मला वाटलं गंमत करताहेत. नव्हते. फाइल वर जाते, वरचे विचारतात, तुमच्या तोंडी सांगण्यावर मी सही कशी करू, असं त्यांचं म्हणणं. मी मोबाइलवर दाखवलं. "नेटवरचं चालत नाही." म्हटलं, पत्रकही नेटवरचंच आहे की. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवशी मी आठवीच्या भूगोलातल्या 'स्थानिक वेळ व प्रमाण वेळ' या धड्याची झेरॉक्स नेली. वर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का. त्यांनी ती आवक केली, क्रमांकही दिला! तीन आठवड्यांनी उत्तर आलं: 'पाठ्यपुस्तकातील मजकूर हवामानविषयक पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.' ते पत्र मी जपून ठेवलंय.

हवामान खात्याकडे मी दुसरा अर्ज केला होता, त्या पत्रकाची वेळ भारतीय वेळेत लिहून द्या म्हणून. कल्पना चांगली, पण उत्तराची वाट बघायची होती. तेवढ्यात बाबा, जे इतके दिवस ओटीवर बसून आमचं सगळं ऐकत होते, एके दिवशी म्हणाले, "अरे, बावटा कधी चढला ते बंदरावर विचार की."

बावटा! बंदराच्या खांबावर तीन नंबरचा बावटा चढतो तेव्हा आमच्याकडे पोरंसोरं सांगतात. तीन नंबर म्हणजे इथेच सोसाट्याचा वारा येण्याचा संभव, बंदरापुरती सावधगिरी. आकडे एकपासून अकरापर्यंत, आणि बावटा चढवल्या-उतरवल्याची नोंद होते. आपल्या घड्याळाने. मी अर्ज दिला, दोन दिवसांत उतारा मिळाला: बावटा चढवला 18.25 वाजता. त्याला मासळी उतरण्याच्या केंद्रावरच्या सुरक्षा रक्षकाच्या नोंदवहीतला उतारा जोडला: नौका रवाना 14.30. दोन्हींवर शिक्के. साहेबांनी दोन्ही शेजारी ठेवले, वाचले, आणि म्हणाले, "हे आधीच आणायचं नाही का?"

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर फाइल पुन्हा खाली गेली असती. हवामान खात्याचं पत्रही पुढच्या आठवड्यात आलं, 17.30 अशी भारतीय वेळ स्पष्ट लिहिलेलं. तेही लावलं, वरच्यांचं समाधान म्हणून.

पैसे मिळाले ते घसारा कापून. जाळ्याचे जवळजवळ नाहीतच, कारण कापलेलं जाळं 'स्वतः टाकलेलं' ठरलं. ते न कापता तांडेल तिथेच थांबला असता तर बोटीसकट भरपाई द्यावी लागली असती, हे त्यांना कुणी सांगायचं? ती भांडणं अजून चालू आहेत.

हंगाम सुरू व्हायच्या आत काही गोष्टी करून ठेवा. निघताना रक्षकाच्या वहीत वेळ स्वतः बघून लिहून घ्या, 'दुपारी' असं मोघम नको. सकाळचं आणि संध्याकाळचं मराठी पत्रक रोज मोबाइलमध्ये साठवा, दुसऱ्या दिवशी नवं आलं की जुनं शोधत बसाल. इशाऱ्यात आपला पट्टा कुठल्या शब्दांत आलाय ते बघा. 'किनाऱ्यालगत' वेगळं, 'पूर्व-मध्य अरबी समुद्र' वेगळं. समुद्रात अडकलात तर तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093. हे कागदावर नको, केबिनमध्ये रंगाने लिहा, कारण कागद आधी भिजतो.

आणि हो, जीपीएसमधला त्या फेरीचा मार्ग पुसू नका. आमचा यंत्र दुरुस्त करणाऱ्याने 'मेमरी फुल आहे' म्हणून पुसला, तेही मला न विचारता. बोट जयगडकडे कधी वळली ते त्यात मिनिटासकट होतं. जाळ्याच्या भांडणात आता तेच मागताहेत.