चाड्यातला दिवा

लातूरहून उमरग्याला लग्नाला निघालो होतो. औसा मागं पडलं आणि किल्लारीच्या अलीकडं रस्त्याकडेला एक पत्र्याची पाटी दिसली : 'जुन्या वस्तू पाहा. चहा मिळेल.' मला वस्तू बघायच्या होत्या, आईला चहा हवा होता. गाडी चहासाठीच थांबली, असं आई अजूनही सगळ्यांना सांगते.

लांबट शेड, पुढं दोन बाकडी आणि शेडच्या तोंडाशी उभी केलेली एक सागवानी चौकट. नुसती चौकट. भिंत नाही, कवाडं नाहीत. दोन्ही बाजूंनी बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा, पण येणारा प्रत्येकजण त्या चौकटीतूनच आत जात होता आणि तोही वाकून. मीही वाकले. आईनं तर उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला.

"तिकीट किती?" मी विचारलं.

"तिकीट न्हाई ताई. नाव सांगायचं फक्त."

मी माझं नाव सांगितलं. मालक हसले. "तुमचं नव्हं, वस्तूचं."

तिथं हीच पद्धत होती. प्रत्येक वस्तूखाली शाळेतली जुनी दगडी पाटी आणि सुतळीला बांधलेला खडूचा तुकडा. ज्याला वस्तूचं नाव येतं त्यानं ते लिहायचं. आधीचं पुसायचं नाही, खाली लिहायचं. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधायच्या जाळीखाली पहिलं अक्षर होतं 'मुसकं', त्याखाली दुसऱ्या हातानं 'मुंगसं' आणि त्याखाली तिसऱ्यानं जरा रागानंच लिहिलेलं, 'आमच्याकडं मुसकीच म्हणतात.' आमच्याकडं म्हणजे कुठं, ते लिहायचं राहिलं होतं. वाकळीच्या पाटीवर 'वाकळ' आणि शेजारी वळणदार अक्षरात 'गोधडी'. हे कुणीतरी पुण्याकडचं असणार, अक्षरावरूनच कळतं. एका लोखंडी चिमटेवजा वस्तूखाली फक्त प्रश्नचिन्ह होतं आणि कुणीतरी भीत भीत लिहिलं होतं, 'दात काढायचं?'

मांडणीला काही शिस्त नव्हती. पोळ्याच्या झुलीवर वासुदेवाचा मोरपिसांचा टोप, टोपाशेजारी देवीच्या आराध्याची कवड्यांची माळ. पुढं मडक्यांची उतरंड आणि सगळ्यात वरच्या मडक्यात मालकांचा मोबाइल चार्जर. एका ताटलीत चारमिनारचं चित्र असलेला निजामाच्या काळातला रुपया. त्याच्या पाटीवर कुणाच्या तरी नातवानं लिहिलं होतं, 'आजोबा ह्याला हाली म्हणायचे आणि इंग्रजांच्या रुपयाला कलदार.' 17 सप्टेंबर 1948ला आपण निजामाच्या राज्यातून सुटलो, पण हाली शिक्का त्यानंतरही काही वर्षं चालत होता. शाळेत मुक्तिसंग्राम पाठ केला, पण त्या काळात भाजी कुठल्या पैशानं घेत होते, हे मला त्या पाटीनं सांगितलं.

बहुतेक सामान 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर जमलेलं. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली तेव्हा रुंद दगडमातीच्या भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. नव्या घरांत खोल्या होत्या, नळ होते, पण कणगी ठेवायला कोपरा नव्हता आणि उतरंडीलाही जागा नव्हती. ढिगाऱ्यातून धड निघालेल्या वस्तू लोकांनी आधी दारात ठेवल्या, मग परसात, मग मालकांकडं आणून दिल्या. चौकटीखाली पाटी आहे, पण तिच्यावर वस्तूचं नाव नाही. फक्त गावाचं नाव आहे आणि त्याच्या आधी 'जुनं'. तिच्याबद्दल मी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

असा नाद आपल्या भागाला नवा नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या आणि त्यांच्या त्या संग्रहातून तिथलं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव आणि त्याआधीचं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करणारं. तिथल्या हस्तिदंती बाहुलीची बहीण शोभेल अशी एक मूर्ती थेट इटलीत पॉम्पेईला सापडली आहे. पण ती बाहुली घडवणारा तिला कुठल्या नावानं हाक मारत होता, ते विचारायला आता कुणी उरलेलं नाही. इथं अजून माणसं आहेत आणि चहाला थांबतातही.

आमचीही थांबलेली होती. आईचा चहा संपला आणि तिची नजर वर गेली. छताला एक दिवा टांगलेला होता. लाकडाची खोलगट वाटी उपडी, आत बल्ब. वाटीच्या तळाला तीन भोकं. एकातून वायर आणि उरलेल्या दोघांतून पत्र्यावर उजेडाचे दोन गोल ठिपके. पाटीवर 'दिव्याचं झाकण' आणि 'तेलाची गाळणी' असे दोन अंदाज.

"आरं बाबा," आई उठलीच, "हे चाडं हाय! चाड्यात दिवा कुणी लावला?"

मग तिनं सांगायला सुरुवात केली. पेरणीला तिफणीवर, म्हणजे तीन फणांच्या पेरायच्या औतावर, हे बसवायचं. तीन भोकांतून तीन नळे, एकेका फणापर्यंत गेलेले. गड्यानं औत हाकायचं आणि बाईनं मागं चालत चाड्यावर मूठ धरायची. मुठीतली ज्वारी तिन्ही भोकांत सारखी पडली पाहिजे. हात एका भोकाकडं कलला की एक तास, म्हणजे पेरलेली ओळ, दाट, दुसरं विरळ. "पंधरा दिवसांनी उगवून आलं की सगळं गाव वाचायचं, मूठ कुणाची होती ते." पहिल्या वर्षी माझ्या आजीनं तिला चाड्याला हात लावू दिला नव्हता. तिफणीमागं दोरीनं ओढलं जाणारं, एकाच नळ्याचं सरतं तिच्या हातात दिलं, करडी टाकायला. सरत्याचं चुकलं तरी निभावतं.

मालकांनी स्वयंपाकघरातून ओंजळभर ज्वारी आणली. आईनं मूठ भरली. "आवळायची न्हाई. धरायची." अंगठा हलतोय की नाही कळत नव्हतं, पण बोटांच्या फटींतून दाणे असे एकसारखे गळत होते की मी हातापेक्षा जमिनीकडंच बघत राहिले. तिथं तोवर एक कोंबडी येऊन पोचली होती. आता आमच्या शेतात सोयाबीन असतं, पेरणी ट्रॅक्टरनं होते. आईची मूठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. माझं वय इथं लिहीत नाही.

मालक ओशाळून स्टूल घेऊन आले, बल्ब काढायला.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "सुलटं ठेवलं तर कोण इचारील?" तिनं खडू घेतला आणि पाटीवर मोठ्या अक्षरात 'चाडं' लिहिलं. मग जरा थांबून खाली, 'उलटं लावलंय.'

निघताना मालकांनी विचारलंच, "मावशी, घरी काही जुनं असंल तर बघा की." दाराशी एक पितळी पायली होती, चार शेरांची. तिच्यात लोक दहा-वीस रुपये टाकत होते. आईनंही वीस टाकले आणि "बघते" म्हणाली.

गाडी उमरग्याच्या दिशेला लागल्यावर बऱ्याच वेळानं ती बोलली. "माळ्यावर सरतं हाय. ते दे त्याला पुढच्या वेळी." आणि पुढं, मी काही विचारायच्या आत, "पायली मातर मागितली तर न्हाई म्हणायचं. तिच्यात माझे पापड हायेत."