तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या प्लेअरमध्ये काय ठेवायचं?

इंदुरात ज्यांच्या घरी कॅसेटींची कपाटं होती आणि तो साठा आता संगणकावर आला आहे, असे जुने रसिक हा प्रश्न विचारतात. इथल्या कॉलेजांत प्रोग्रॅमिंग शिकणारी आणि गाणी वाजवणारा स्वतःचा प्लेअर लिहायला घेतलेली मुलंही विचारतात. प्लेअर कॉम्पॅक्ट मोडमध्ये गेला, म्हणजे मोठी विंडो मिटून छोटी उघडली, की मोठ्या विंडोतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं?

आमचं म्हणणं असं की काढत बसूच नये. मोठ्या विंडोतून एकेक गोष्ट वजा करत गेलात तर हाती मोठ्या विंडोचं खुरटलेलं रूप येतं. छोटी विंडो उघडणारा माणूस गाणं शोधायला आलेला नसतो. गाणं निवडून झालेलं असतं, ते चालू असतं, आणि तो शेजारी हिशेब लिहीत असतो किंवा बंदिशीचे बोल टाइप करत असतो. त्याला चारच गोष्टी लागतात: काय चाललंय ते एका नजरेत कळणं, थांबवणं, थोडं मागे जाणं आणि आवाज कमी-जास्त करणं. रिकाम्या जागेपासून सुरुवात करून या चार गोष्टी आत आणा. इक्वलायझर, प्लेलिस्ट, शोधाची चौकट, तारांकन यांचा विचार मग करावाच लागत नाही.

मापं सांगतो. १९९७ साली आलेल्या विनॅम्प या प्लेअरची मुख्य विंडो २७५ बाय ११६ पिक्सेलची होती आणि ती मिटली की फक्त १४ पिक्सेल उंचीची पट्टी उरायची. त्या काळच्या स्क्रीनवर आणि रोमन अक्षरांना ते जमून गेलं. देवनागरीला १४ पिक्सेलची उंची पुरत नाही. वर रफार, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. १४ पिक्सेलच्या देवनागरी मजकुराला ओळीची उंची किमान २२ द्या, १२ च्या मजकुराला १८. या दोन ओळी मिळून ४० होतात, म्हणून शेजारचं मुखपृष्ठाचं चित्रही ४० बाय ४०. वर ८ ची मोकळी जागा, खाली १६ चा पट्टा सीक बारसाठी, म्हणजे गाण्यात पुढे-मागे जाण्याच्या पट्टीसाठी. एकूण उंची ६४, रुंदी ३६०. उजवीकडे ३२ पिक्सेलची तीन बटणं. समासांसकट सगळं वजा केल्यावर मजकुराला १९२ पिक्सेल उरतात. बटणं ३२ पेक्षा लहान करायचा मोह होईल, पण डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या मानकात २४ बाय २४ ही किमान मर्यादा धरली आहे आणि ज्याचं लक्ष दुसऱ्या कामात आहे त्याच्या हाताला किमान मर्यादेवर ठेवू नये. ही सगळी मापं लॉजिकल पिक्सेलची, म्हणजे स्क्रीनवर सगळं मोठं करून दाखवण्याच्या (स्केलिंगच्या) आधीची आहेत. लॅपटॉपवर १२५ टक्के स्केलिंग असलं की १ पिक्सेलची रेघ सव्वा पिक्सेलची होते आणि धूसर दिसते. म्हणून कडेच्या रेघा प्रत्यक्ष पिक्सेलला बसवून काढा.

आता सीक बार. आपल्या संगीतासाठी सगळ्यात जास्त विचार इथेच लागतो आणि सगळ्यात कमी विचार इथेच केलेला दिसतो. कडेचे समास सोडले तर पट्टी ३४४ पिक्सेलची उरते. ७८ आरपीएमच्या तबकडीवरचं तीन मिनिटांचं गाणं असेल तर एक पिक्सेल म्हणजे साधारण अर्धा सेकंद, काही अडत नाही. पण सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची असते आणि बहुतेकांनी अख्खी बाजू एका फाइलमध्ये उतरवून ठेवली आहे. तिथे एक पिक्सेल म्हणजे जवळपास ८ सेकंद. अतिविलंबित, म्हणजे खूप संथ झुमरा तालाचं एक आवर्तन मिनिटाभराचं असू शकतं. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या या शहरात ते वेगळं सांगायला नको. ते अख्खं आवर्तन पट्टीवर ७-८ पिक्सेलमध्ये मावतं. माउसने नेमकी सम (आवर्तनाची पहिली मात्रा) पकडणं तिथे केवळ अशक्य आहे. कितीही स्थिर हात असू द्या.

त्यामुळे पट्टी फक्त ढोबळ उडीसाठी ठेवा आणि बारीक हालचालीला दुसरी सोय द्या. आमच्या मते तीन बटणांतलं पहिलं बटण ‘१० सेकंद मागे’ हेच असावं. ‘मागचं गाणं’ हे बटण बहुतेक प्लेअर तिथे ठेवतात, पण ख्याल ऐकणारा मागच्या फाइलकडे क्वचित जातो. निसटलेली तान पुन्हा ऐकायला मात्र तो सतत मागे येतो. दुसरं बटण चालू-थांब, तिसरं पुढची फाइल. कीबोर्डवर डाव्या-उजव्या बाणांना ५ सेकंद आणि शिफ्ट धरून १ सेकंद द्या. पट्टीवर माउसने ओढताना शिफ्ट धरली की तिची चाल दहापट सावकाश करा, म्हणजे एक पिक्सेल ०.८ सेकंदाचा होतो.

पट्टी दिसायला ४ पिक्सेल जाडीची असली तरी क्लिक घेणारा भाग पूर्ण १६ पिक्सेलचा ठेवा. माउस वर आला की त्या जागेची वेळ वरच्या बाजूला दिसू दे. ओढत असताना प्रत्येक हालचालीला प्रत्यक्ष सीक करू नका, फाइल उलगडून आवाज तयार करणारा डीकोडर गुदमरतो आणि आवाजाचे तुकडे ऐकू येतात. ओढताना फक्त वेळ बदलून दाखवा आणि बोट सुटल्यावर एकदाच उडी घ्या.

इथेच एक तक्रार हमखास येते: पट्टीवर १८:३० ला सोडलं, आवाज मात्र भलत्याच ठिकाणचा. याचा दोष बऱ्याचदा इंटरफेसचा नसतो. व्हेरिएबल बिटरेटच्या, म्हणजे दर सेकंदाला कमी-जास्त जागा घेणाऱ्या एमपी३ फाइलमध्ये सुरुवातीला बहुधा झिंग हेडर हा माहितीचा तुकडा असतो आणि त्यातल्या तक्त्यात कुठली वेळ फाइलमध्ये कुठे आहे याच्या फाइलभर मिळून १०० नोंदी असतात. ४५ मिनिटांच्या फाइलमध्ये दोन नोंदींत २७ सेकंदांचं अंतर पडतं, मधलं सगळं अंदाजाने. हेडरच नसेल तर प्लेअर सुरुवातीच्या फ्रेमवरून (फाइलच्या छोट्या तुकड्यावरून) एकूण लांबीचाही अंदाजच बांधतो आणि पट्टी शेवटाला पोचली तरी गाणं चालूच राहतं. उपाय दोन आहेत. फाइल उघडताना पार्श्वभूमीत एकदा सगळ्या फ्रेम मोजून स्वतःची सूची तयार करा, किंवा संग्रह फ्लॅक या दर्जा न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवा. फ्लॅकच्या प्रत्येक फ्रेमवर तिचा क्रमांक किंवा नमुन्याचं स्थान नोंदलेलं असतं, त्यामुळे उडी नेमकी पडते. कॅसेटी अजून उतरवायच्या बाकी असतील त्यांनी दुसरा मार्ग धरावा, असं आम्ही आवर्जून सांगतो.

पुढच्या फाइलच्या बटणालाही एक धोका आहे. ३२ व्या मिनिटाला चुकून धक्का लागला की ऐकणाऱ्याची जागा गेली. म्हणून फाइल बदलताना जुनी जागा लक्षात ठेवा, आणि नवी फाइल सुरू झाल्यावर ३ सेकंदांच्या आत ‘मागे’ दाबलं तर जुन्या फाइलमध्ये त्याच जागी परत न्या.

शीर्षकाकडे येऊ. टॅगमध्ये, म्हणजे फाइलसोबतच्या माहितीत, ‘उस्ताद अमीर खाँ - राग मारवा - विलंबित झुमरा’ असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही शेवट कापलात, तर १९२ पिक्सेलमध्ये गायकाचं नाव दिसेल आणि राग अर्धवट तुटेल. एकाच गायकाच्या वीस फाइली लावल्या असतील तर वीसही वेळा जवळपास तेच दिसणार. वरच्या ओळीत राग आणि ताल, खालच्या ओळीत गायक आणि उजव्या टोकाला वेळ, असं वाटून घ्या. कापायचं झालं तर शब्दाच्या सीमेवर कापून पुढे तीन टिंबं द्या. अक्षराच्या मधे कापलं तर ‘मिश्र’चं ‘मिश्’ होऊन पाय मोडलेला दिसतो. अक्षरांच्या सीमा तयार कोडच्या लायब्ररीवर सोपवत असाल तर तिची आवृत्ती पाहा. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या मूळ अक्षरसीमांमध्ये १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याआधीचे नियम पाळणारी लायब्ररी ‘क्ष’ला क् आणि ष असं दोन ठिकाणी तोडते.

शीर्षक सरकत ठेवू नका. कामाच्या कडेला काहीतरी हलत राहिलं की नजर तिकडे ओढली जाते. डब्ल्यूसीएजीतही ५ सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणाऱ्या मजकुराला थांबवण्याची सोय असावी, असा नियम आहे. पूर्ण शीर्षक माउस नेल्यावर टूलटिपमध्ये दाखवा.

इंदूरच्या संग्रहांत आणखी एक अडचण नेहमी दिसते. काही टॅग मराठीत, काही हिंदीत, उरलेले रोमन लिपीत. रोमन शीर्षकानंतर देवनागरी आलं की फॉन्ट बदलतो. विंडोजवर निर्मला यूआय येतो, लिनक्सवर बहुधा नोटो सान्स देवनागरी. त्यांची उंची वेगळी असल्याने ओळ फुगते आणि बटणं दोन-तीन पिक्सेल खाली सरकतात. ओळींची उंची फॉन्टला ठरवू देऊ नका, २२ आणि १८ पक्की लिहून ठेवा. वेळेच्या आकड्यांना समान रुंदीचे अंक वापरा, नाहीतर दर सेकंदाला वेळेचा मजकूर डावीकडे-उजवीकडे थरथरतो.

चित्र काढण्याचा वेगही जरा पाहा. ४५ मिनिटांच्या फाइलमध्ये पट्टी ८ सेकंदांत एक पिक्सेल पुढे जाते. ती सेकंदाला ६० वेळा रंगवणं म्हणजे बॅटरी फुकट घालवणं. वेळेचा आकडा सेकंदाला एकदा, पट्टी पिक्सेल बदलला तरच. विंडो झाकलेली असेल तर काहीच नको. मुखपृष्ठाचं मोठं चित्र एकदाच लहान करून कॅशमध्ये ठेवा, मात्र ते ८० बाय ८० चं करा, म्हणजे दुप्पट घनतेच्या स्क्रीनवरही स्वच्छ दिसतं.

माउसच्या चाकाचं काम पक्कं ठरवा: सीक बारवर फिरवलं तर वेळ, बाकी कुठेही फिरवलं तर आवाज. यामुळे आवाजासाठी वेगळी पट्टी लागत नाही. साध्या चाकाचा एक खाचा १२० एककांचा असतो, टचपॅड मात्र छोटे छोटे आकडे भराभर पाठवतो. आलेल्या प्रत्येक घटनेला एक पायरी मोजलीत तर बोट जरा सरकताच आवाज थेट टोकाला जातो. आकडे साठवत जा आणि १२० झाल्यावर एक पायरी द्या. आवाजाची टक्केवारी सरळ ध्वनीच्या पातळीला जोडू नका, तिचा घन घ्या. कानाला चढउतार सारखा वाटतो आणि खालच्या पातळीवर तंबोरा ऐकू येईल इतपत बारीक नियंत्रण मिळतं.

प्रत्यक्ष विंडोचं बोलायचं तर मोठी आणि छोटी अशा दोन स्वतंत्र विंडो करा आणि दोघींमागे एकच प्लेअर ठेवा. एकाच विंडोची चौकट काढून तिला लहान करण्याच्या नादी लागू नका. क्यूटी या विंडो बनवण्याच्या लायब्ररीत विंडोचे फ्लॅग (तिचे गुणधर्म ठरवणाऱ्या खुणा) बदलले की ती लपते आणि पुन्हा दाखवावी लागते, त्यात विंडो लुकलुकते आणि कधीकधी जागाही बदलते. दोघींच्या जागा वेगवेगळ्या जतन करा. उघडताना ती जागा आज जोडलेल्या एखाद्या स्क्रीनवर आहे ना ते तपासा. ऑफिसातला मॉनिटर काढून लॅपटॉप घरी नेला की छोटी विंडो नसलेल्या स्क्रीनवर उघडते आणि प्लेअर बिघडला असं वाटतं. कडेला चिकटवण्याची सोय देणार असाल तर टास्कबार वगळून उरलेली जागा हिशेबात घ्या. लिनक्सवर वेलँड ही विंडो दाखवणारी व्यवस्था असेल तर साध्या विंडोला स्वतःची जागा ठरवता येत नाही आणि ‘सगळ्यांच्या वर राहा’ अशी विनंतीही करता येत नाही. तिथे कडेला चिकटवणं आणि वर ठेवणं या दोन्ही सोयी लपवा. नुसती दिसणारी, काम न करणारी बटणं ठेवू नका. वापरणाऱ्याला विंडोच्या मेनूतून ती वर ठेवता येते, तसं मदतीत लिहा.

चौकट नसली की ओढायचं कुठून हा प्रश्न येतो. बटणं आणि सीक बार सोडून कुठूनही ओढता आलं पाहिजे. मजकुरावर किंवा चित्रावर दोनदा क्लिक केलं की मोठी विंडो. स्पेस बारने नेहमी चालू-थांबच व्हावं. पण फोकस, म्हणजे कीबोर्डचा रोख, ‘पुढची फाइल’वर असेल तर स्पेस ते बटण दाबून मोकळा होतो, म्हणून माउसने क्लिक केल्यावर बटणांनी फोकस धरू नये, टॅबने गेलं तरच धरावा. तिन्ही बटणांवर नुसत्या खुणा आहेत, तेव्हा एनव्हीडीए किंवा ऑर्कासारख्या, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी त्यांना मराठीत नावं द्या.

बंद करण्याच्या फुलीवर मतभेद आहेत. छोट्या विंडोची फुली दाबली की गाणं थांबून प्लेअर बंद व्हावा, असं काहीजण म्हणतात. आम्हाला फुलीने मोठी विंडो परत यावी आणि गाणं चालू राहावं हे जास्त पटतं. पूर्ण बंद करण्याची सोय उजव्या क्लिकच्या मेनूत असू दे, त्याच मेनूत मागची फाइल आणि ‘वर ठेवा’ हेही. एस्केपला मात्र काहीच काम देऊ नका. शेजारच्या स्प्रेडशीटमध्ये ती कळ सारखी दाबली जाते आणि फोकस चुकून प्लेअरवर असला तर विंडोच नाहीशी होते.

लोकांच्या हाती देण्याआधी ४५ मिनिटांची हेडर नसलेली एमपी३, जोडाक्षरांनी भरलेलं लांब शीर्षक, १२५ टक्के स्केलिंग आणि टचपॅड, हे सगळं एकाच वेळी लावून अर्धा तास दुसरं काम करत बघा. एकेक वेगळं तपासलं तर सगळं ठीक वाटतं.