शनिवारी रात्री काय घेतलं ते नको, सोमवारी क्रेनवर कोण बसलंय ते बघा

महाशिवरात्रीला एक मुलगा आईवडलांना घेऊन काशीला गेला होता. तिथे परवाना असलेल्या ठेक्यावरची भांग घातलेली ठंडाई प्यायला, परत आला आणि चौथ्या दिवशी आमच्या कंपनीच्या सांगण्यावरून लॅबमध्ये जाऊन ड्रग टेस्टसाठी लघवीचं सँपल देऊन आला. रिपोर्ट पॉझिटिव्ह. त्याची नोकरीची ऑफर कॅन्सल केल्याचा ईमेल मी टाईप केला होता.

तेव्हा मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत एचआरला होते, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं, म्हणजे नोकरीवर घेण्याआधीच्या पडताळणीचं, सगळं माझ्याकडे. त्या मुलाने जुनी नोकरी सोडून नोटीस पिरियडसुद्धा पूर्ण केलेला, म्हणजे मागे जायलाही जागा नाही. फोनवर एवढंच म्हणत होता, मॅडम परत टेस्ट करा, पैसे मी भरतो. पण परत टेस्ट करायची सोयच नव्हती, कारण क्लायंट अमेरिकेतला आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं की पॉझिटिव्ह आला की विषय संपला. तो खरं बोलत होता की नाही हे मला आजही माहीत नाही, आणि मुद्दा तोच आहे, त्या टेस्टलाही ते माहीत नव्हतं.

कारण ती टेस्ट नशा मोजत नाही. भांग किंवा गांजातला नशेचा पदार्थ शरीरात गेल्यावर चरबीत साठतो आणि त्याचं रूपांतर होऊन हळूहळू लघवीवाटे बाहेर पडतो, एकदाच घेतली असेल तर दोनचार दिवस, रोज घेणाऱ्याच्या शरीरात कित्येक आठवडे. नशा मात्र काही तासांत उतरलेली असते. आपल्या एनडीपीएस कायद्यात (अंमली पदार्थांचा, १९८५ चा) गांजा आणि चरस येतात, पण झाडाची नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून तर काशीला भांगेचे ठेके उघडपणे चालतात. लघवीच्या रिपोर्टवर पान की गांजा असा रकाना नसतो. कायद्याने जो फरक केलाय तो आमच्या एका ईमेलने पुसून टाकला.

आणि फक्त भांगेचंच नाही. आपण दिवाळीत अनारसे ज्या खसखशीवर थापतो ती खसखस अफूच्याच झाडाची, भरपूर खाल्ली तर लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. अमेरिकेत हा घोळ एवढा झाला की १९९८ मध्ये त्यांनी सरकारी टेस्टिंगमधली अफूवर्गाला पॉझिटिव्ह धरायची मर्यादा मिलिलीटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. ज्या देशातून ही पद्धत आपल्याकडे आली त्या देशाने स्वतःची चूक दुरुस्त केली, आमच्या व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर मात्र खसखशीबद्दल कोणी एक ओळ विचारत नव्हतं. आमच्या टेस्टच्या यादीत दारूही नव्हती. दहा पदार्थ तपासायचे आणि ज्या एका गोष्टीने माझ्या ओळखीतली घरं बसली तीच नाही.

हे वाचून कोणाला वाटेल की बाई नशेची बाजू घेतेय. नाही घेत. माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, भोसरीला एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. एका रात्री टाकून गेले तिसऱ्या पाळीला, त्याच्या आधी दुसरी पाळीही केलेली, कारण ऑर्डर अर्जंट होती आणि बदली माणूस आला नव्हता, मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन पिऊन आले. सुपरवायझरला वास आला होता. तरी बसवलं मशीनवर. उजव्या हाताची दोन बोटं गेली. काकू आजही म्हणते की त्या माणसाने त्या रात्री यांना हाकलून दिलं असतं तर मी त्याच्या पाया पडले असते. तेव्हा मालकाने लक्ष घालायलाच पाहिजे होतं, दोनशे टक्के. पण कशात? अण्णा त्या क्षणी प्रेससमोर उभे राहू शकतात का, यात. त्यासाठी लॅब नको होती, सुपरवायझरच्या नाकाला कळलंच होतं, फक्त माणसापेक्षा डिलिव्हरी महत्त्वाची ठरली. आणि दारू राहू द्या बाजूला, सलग सोळा तास उभा असलेला माणूस न पिताही बोटं घालवतो, त्याची टेस्ट कुठली कंपनी करते?

म्हणून मला वाटतं की मालकाचा हक्क गेटपाशी सुरू होतो आणि गेटपाशीच संपतो. हे मी हवेत बोलत नाहीये. ग्लॅक्सो या औषध कंपनीच्या, मेरठच्या लेबर कोर्टातून आलेल्या केसमध्ये १९८३ साली सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, की कामाच्या जागेबाहेर कामगार काय करतो यावर मालकाची सत्ता चालत नाही, तो काही कामगारांचा गुरू नाही त्यांना वळण लावायला. ती केस नशेची नव्हती, संपाच्या वेळच्या वागण्याची होती, पण तत्त्व तेच. बाहेर कोणी गांजा ओढत असेल तर तो गुन्हा आहे, त्याला पोलीस आहेत, कोर्ट आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. आणि त्याच एनडीपीएस कायद्यात ६४ अ कलम आहे, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला आणि ते पूर्ण केले तर त्याच्यावर खटला चालत नाही. म्हणजे एवढ्या कडक कायद्यानेसुद्धा एक दार उघडं ठेवलंय. आम्ही एचआरवाल्यांनी ते नाही ठेवलं.

विमानाचंच बघा. पायलटला उड्डाणाच्या आधी बारा तास दारू चालत नाही, ते बरोबरच आहे, मागे दीडशे दोनशे माणसं बसलेली असतात. ३१ जानेवारी २०२२ पासून पायलट आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलर यांच्या अचानक ड्रग टेस्टही सुरू झाल्या. पण त्या नियमात पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला व्यसनमुक्तीसाठी पाठवायचं, तो बरा झाला आणि टेस्ट निगेटिव्ह आली की परत कामावर घ्यायचं असं लिहिलंय. दुसऱ्यांदा सापडला तर तीन वर्षं लायसन्स बंद. विमान उडवणाऱ्याला एक संधी मिळते आणि एसी ऑफिसात बसून कोड लिहिणाऱ्या पोराला मिळत नाही, हे मला त्या दिवशी माहीत असतं तर मी निदान भांडले तरी असते, नोकरी गेली असती तरी.

पुण्यात तर १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं, तिथे जायला कंपनीने महिनाभर रजा दिली आणि परत आल्यावर तीच खुर्ची ठेवली तर किती माणसं वाचतील. रजा देताना कारण सगळ्या फ्लोअरला कळता कामा नये, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण माणूस व्यसनापेक्षा त्या कुजबुजीला जास्त घाबरतो.

आता मी चाकणला एका प्लांटमध्ये आहे. इथे क्रेन, फोर्कलिफ्ट आणि प्रेसवाल्यांना पाळी सुरू होताना दारू तपासायला फुंकायचं मशीन आहे आणि शॉप फ्लोअरवर जाणाऱ्या मॅनेजरलाही आहे, हे दुसरं मान्य करून घ्यायला मला आठ महिने लागले. लघवीची टेस्ट नाही. शिवाय एक साधा नियम आहे, कोणी स्वतःहून येऊन म्हणाला की आज मला मशीनवर बसवू नका, तर कारण विचारायचं नाही, हजेरी पूर्ण लावायची आणि दुसरं काम द्यायचं. सगळे फायदा घेतील असं मला सांगितलं गेलं होतं. तसं झालं नाही.

मागच्या महिन्यात फोर्कलिफ्टवरचे एक दादा आले. मशीनमध्ये शून्य. म्हणाले, मॅडम आज मला गाडी नको. आम्ही त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. दुपारी जेवताना त्यांनीच सांगितलं की मुलगी दवाखान्यात आहे आणि दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही.