रातांब्याचा रंग आणि लेबलवरचा एक शब्द

२००९ साली कुडाळजवळच्या आमच्या घरामागच्या खळ्यात सासूबाई आणि मी कोकमाचं आगळ (खारवलेला रस) आणि सोलं (सुकवलेल्या साली) विकायला लागलो. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, साली रसात बुडवून उन्हात टाकायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा सुकवायच्या. मे संपत आला की एक डोळा आभाळाकडे.

अर्काकडे वळलो ते पुढे, ओळखीतल्या एका प्राध्यापिकाबाईंमुळे. त्यांनी प्रयोगशाळेत डीपीपीएच चाचणी दाखवली. जांभळ्या द्रावणात आमच्या सालीच्या अर्काचे थेंब टाकले आणि ते पिवळट होत गेलं. पेशींना इजा करणाऱ्या मुक्त कणांना (फ्री रॅडिकल्सना) अर्क शांत करतो, त्याची ही खूण. सासूबाई बराच वेळ त्या नळीकडे बघत उभ्या होत्या.

पहिला मोठा घाणा मात्र वाया गेला. लवकर सुकावं म्हणून ड्रायरची उष्णता वाढवली आणि लाल साली तपकिरी पडल्या. सालीतलं अँथोसायनिन, म्हणजे तिचं लाल रंगद्रव्य, उष्णता सोसत नाही, हे तेव्हा अंगाशी आलं. आता कमी दाबाखाली, मंद आचेवरच अर्क आटवून त्याची पावडर करतो. वेळ लागतो, पण रंग राहतो.

मग एका व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर आली. अट एकच: पाकिटावर 'कर्करोगावर गुणकारी' छापा. कोकमातल्या गार्सिनॉल या द्रव्याने काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखल्याचे प्रयोग आहेत, ते खरं. पण बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. शिवाय औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यानेही अशी जाहिरात करता येत नाही. ऑर्डर गेली. त्या वर्षी दोन बायकांचं काम कमी करावं लागलं, ते अजून सलतं.

दुसऱ्या एकाने नरक्याची साल पोत्यांनी आणून देतो म्हणून सांगितलं. सह्याद्रीतल्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य असतं. ते प्रथम वेगळं केलं अमेरिकेत, १९६६ साली, एका चिनी झाडातून. शास्त्रज्ञ मन्रो वॉल यांच्यासोबत ते काम करणारे मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, याचा मला फार अभिमान वाटतो. पण ते द्रव्य रुग्णांना जसंच्या तसं झेपलं नाही, मूत्राशयाला इजा व्हायची. रेणूत बदल करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कर्करोगावरची औषधं अमेरिकेत मंजूर झाली १९९६ साली. झाडातल्या द्रव्यापासून सलाईनच्या बाटलीपर्यंत तीस वर्षं! आणि इथे त्याच झाडाची चोरटी तोड होऊन डोंगर रिकामे होतात. पोती परत पाठवली.

गेल्या वर्षी एका मुलाचा फोन आला. आईची केमो थांबवून तुमची पावडर सुरू करू का, म्हणाला. औषध कोणतं, विचारलं. इरिनोटेकन. मी त्याला नरक्याची सगळी गोष्ट सांगितली. "दादा, आईला मिळतंय ते झाडातूनच आलेलं आहे, पण मापून, तपासून. ते थांबवू नका. आमची पावडरसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका."

पावडर त्याने घेतली नाही. मे महिन्यात आगळाच्या दोन बाटल्या मागवल्या, सोलकढीसाठी. त्याही डॉक्टरांना विचारून.