खोट्या शौर्यपदकाची तक्रार : माझा अनुभव

आमच्या मदतनिधीची खजिनदार मीच, त्यामुळे ४,२०० डॉलरच्या त्या चेकवर सही माझीच होती. इराकमध्ये जखमी झालेल्या, सिल्व्हर स्टार (शौर्याचं पदक) आणि पर्पल हार्ट (लढाईत जखमी झालेल्यांना मिळणारं पदक) मिळालेल्या एका माजी सैनिकाच्या घराच्या दुरुस्तीसाठी आम्ही तो दिला होता. अमेरिकेतल्या आमच्या या छोट्या वस्तीत लोकांनी वीस-वीस, पन्नास-पन्नास डॉलर काढून जमवलेले पैसे होते ते.

शंका पहिल्यांदा आली ती आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांना. ते व्हिएतनाममध्ये लढलेले, स्वतः पर्पल हार्टचे मानकरी. चेक देण्याच्या कार्यक्रमात त्यांनी त्या माणसाला त्याची पलटण कोणती ते सहज विचारलं. त्याने सांगितलं. अर्ध्या तासाने त्याच प्रश्नाला दुसऱ्या कुणाला वेगळंच उत्तर मिळालं. वर, आपलं पदक चांदीसारखं चमकतं, असंही तो बोलून गेला. सिल्व्हर स्टार फक्त नावाचं चंदेरी. पदक सोनेरी असतं, आणि रुपेरी तारा असतो तो त्याच्या मधोमध, अगदी इवलासा. घरी सोडताना गाडीत हे शेजारचे आजोबा एक अक्षर बोलले नाहीत. उतरताना एवढंच म्हणाले, "याची खातरजमा कर."

मला वाटलं होतं, पदकाबद्दल खोटं बोलला म्हणजे गुन्हा झाला. तसं नाही. आधीच्या कायद्यात तसं होतं खरं. पण कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळाचा सदस्य झेवियर अल्व्हारेझ याने २००७ साली बैठकीत आपल्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाल्याची थाप मारली, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ जून २०१२ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी तो कायदाच रद्द झाला. नुसतं खोटं बोलणं अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, असं न्यायालयाने धरलं. मग २०१३ साली नवा स्टोलन व्हॅलर ॲक्ट आला. त्यानुसार पैसे, मालमत्ता किंवा तसाच काही प्रत्यक्ष फायदा उकळण्याच्या हेतूने पदकाचा खोटा दावा केला, तरच गुन्हा. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दंड जास्तीत जास्त एक लाख डॉलर. हा कायदाही सगळ्याच पदकांना लागू नाही. मेडल ऑफ ऑनर, सिल्व्हर स्टार, पर्पल हार्ट, लढाईत भाग घेतल्याचे बॅज अशी ठरावीक यादी आहे. ब्राँझ स्टार त्यात नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणजे मला दोन गोष्टी दाखवायच्या होत्या. एक, पदक मिळालेलं नाही. दोन, त्या पदकाच्या नावावरच पैसे घेतले.

पहिलीसाठी सैनिकी नोंदी मागण्याचा स्टँडर्ड फॉर्म १८० भरून मिसुरीतल्या सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला पाठवला. सैनिकाच्या संमतीशिवायही माहिती अधिकारात हुद्दा, नोकरीच्या तारखा, नेमणुका आणि पदकं एवढं सर्वसामान्यांना कळू शकतं. वैद्यकीय कागद मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत. फार जुन्या सैनिकांबद्दल विचारणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. १२ जुलै १९७३ ला तिथे मोठी आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या सैनिकांच्या बहुतेक फायली जळाल्या. फाइल सापडली नाही म्हणून कुणाला खोटारडा ठरवू नये.

उत्तर यायला नऊ आठवडे लागले. तोवर मी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. नोंद चुकलेली असू शकते, नंतर दुरुस्तही होते. एखाद्या खऱ्या सैनिकावर आळ आला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

पाकीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. माणूस सैन्यात होता, हे खरं निघालं. दोन वर्षं, भांडार विभागात, देशाबाहेर एकदाही नाही. पदकांच्या रकान्यात नॅशनल डिफेन्स सर्व्हिस मेडल आणि आर्मी सर्व्हिस रिबन. त्या काळात सैन्यात असलेल्या जवळपास प्रत्येकाला ती मिळत. त्याने आम्हाला दिलेली डीडी-२१४ ची, म्हणजे सेवामुक्तीच्या दाखल्याची, प्रत मी शेजारी ठेवली. पदकं लिहिलेल्या १३ व्या रकान्यातल्या शेवटच्या दोन ओळींची अक्षरं बाकीच्यांपेक्षा किंचित जाड होती आणि केसभर वर सरकलेली. इतके महिने तो कागद माझ्याच फायलीत होता. असा दाखला बनावट करणं किंवा खोटा आहे हे माहीत असून वापरणं हा वेगळा केंद्रीय गुन्हा आहे, तेही मला नंतर कळलं.

तक्रार एफबीआयकडे केली. भेटायला आलेल्या अधिकारी बाईंनी पदकाबद्दल फारसं विचारलंच नाही. त्यांचा सगळा रोख पैशांवर. दावा आधी की चेक आधी? दावा लेखी आहे का? ज्यांनी पैसे दिले त्यांनी तो वाचला होता का? दोन रात्री बसून मी तारीखवार फाइल लावली. त्याचा अर्ज, त्यात स्वतःच्या हाताने लिहिलेलं 'सिल्व्हर स्टार', त्यावरून आम्ही काढलेलं पत्रक, सभेच्या इतिवृत्ताचं पान, देणगीदारांची यादी, चेकची दोन्ही बाजूंची प्रत. कुणाला असं काही करायची वेळ आली तर एवढंच सांगेन की पाकिटंसुद्धा फेकू नका, टपालाचा शिक्का तारीख सांगतो.

पुढचे सात महिने शांततेत गेले. मग सरकारी वकिलांच्या कचेरीतून पत्र आलं, नुकसान किती झालं ते लेखी कळवा. मी ४,२०० लिहिलं आणि खाली आजोबांना विचारून त्यांचंही म्हणणं जोडलं. ते चारच ओळींचं होतं. त्यांच्याबरोबर जखमी झालेले आणि घरी न परतलेले दोघे, त्यांची नावं, त्यांची गावं.

त्याने गुन्हा कबूल केला. कैद झाली नाही; दोन वर्षं प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली राहणं, आणि सगळी रक्कम परत करण्याचा आदेश. काही शेजाऱ्यांना ही शिक्षा कमी वाटली. मला तसं वाटलं नाही, कारण भर कोर्टात, आजोबा दुसऱ्या रांगेत बसलेले असताना, न्यायाधीशांनी विचारल्यावर त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं, "नाही, मला ते पदक मिळालेलं नाही."

पैसे कोर्टामार्फत हप्त्याहप्त्याने येतात. पहिला हप्ता ७५ डॉलरचा होता. तो वहीत जमा केला आणि त्याच संध्याकाळी देणगीदारांना एकेक करून फोन लावायला बसले.