कार्ड बाहेरचं, अंगठा इथलाच

आमच्याकडे पोळ्यांना येते ती ताई मूळची शहाद्याकडची (नाव लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही). नवरा सेंटरिंगचं काम करतो, दोन पोरं, वाडीत भाड्याची खोली, बडोद्यात येऊन सहा वर्षं झाली. परवा बोलता बोलता कळलं की ही अजूनही रेशन घ्यायला गावी जाते, तेही दोन-तीन महिन्यांतून एकदा, एसटीचं भाडं भरून, दोन दिवसांचा खाडा करून, आणि मधल्या महिन्यांचं धान्य बुडालं ते बुडालंच. मी म्हटलं अगं इथे का नाही घेत? तर म्हणे, "वहिनी, इथला दुकानवाला म्हणतो कार्ड महाराष्ट्राचं आहे, तिकडेच जा."

आता गंमत बघा, हे एक देश एक रेशनकार्ड प्रकरण (म्हणजे एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यातल्या रेशन दुकानातही चालायचं) ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा राज्यांच्या ज्या दोन जोड्या आधी जोडल्या त्यातली एक आंध्र-तेलंगणा आणि दुसरी चक्क गुजरात-महाराष्ट्र! पुढे सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना ३१ जुलै २०२१ ची मुदत घातली, जून २०२२ मध्ये शेवटचं आसामही आलं. आणि आमच्या गल्लीपासून दहा मिनिटांवरच्या दुकानात अजून "तिकडेच जा".

मग गेले तिच्याबरोबर. दुकानदार मला म्हणाला "आवो बेन", तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आ तो बहारनुं कार्ड छे, मारा स्टॉकमां ना आवे." त्याची अडचण अगदीच खोटी नसेल, बाहेरचे वाढले तर महिनाअखेरीस नेहमीच्या लोकांना कमी पडेल अशी भीती असेल, पण ते त्याने वर कळवायचं ना, हिला का हाकलायचं? मी म्हटलं भाई, नंबर टाका मशीनमध्ये, मशीन नाही म्हणालं तर आम्ही निघतो. बारा आकडे टाकले आणि स्क्रीनवर घरातली पाचही नावं आली. अंगठा मात्र तीनदा लागेना, भांडी घासून घासून रेषाच राहिल्या नाहीत, मग तिने पदराला हात पुसून दुसरं बोट लावलं आणि पावती बाहेर आली. गहू-तांदूळ, पैसे शून्य, जानेवारी २०२३ पासून फुकटच आहे ते. बाहेर आल्यावर पावती तिने मला दोनदा वाचायला लावली.

कार्ड हातात नसलं तरी चालतं बरं का, रेशनकार्डाचा नाहीतर आधारचा नंबर पुरतो, फक्त ज्याचा अंगठा लावायचा त्याचं आधार रेशनकार्डाला जोडलेलं हवं. थोडं इथे घ्या, उरलेलं गावी सासू घेईल, तेही चालतं. दुकानदाराने नाहीच ऐकलं तर १४४४५ वर फोन करा.

घरी येऊन हे सांगितलं तर आमचे काका, जन्म इथल्याच दांडिया बाजारातला, सत्तरी पार, म्हणाले, "बाहेरच्यांनी गाव भरून टाकलंय नुसतं." मराठीतून म्हणाले हो! काका, आपले पणजोबा गायकवाडांच्या चाकरीत आले म्हणून आपण इथले. आणि कमाटीबागेत फिरायला रोज जाता ना? १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर याच बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून इथे नोकरीला आले, तर राहायला जागा मिळेना, पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले, अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं, मग त्याच बागेत बसून दिवस काढला. तिथे कारण जात होतं, ते आणि हे एक नाही, मान्य. पण "जागा नाही" हे उत्तर तेच. आणि मी तरी काय मोठी, आमच्या सोसायटीत वरचा फ्लॅट रिकामा असताना "भैया लोक नकोत" असं ठरलं तेव्हा मीटिंगमध्ये मी चहा पीत बसले होते.

कामाच्या ठिकाणी याच्या उलट. तिचा नवरा सांगतो की ठेकेदाराला लोकल माणूस नकोच असतो, तो आठ तास झाले की घरी जातो, पैसे अडकले तर चार माणसं घेऊन येतो. बाहेरचा बारा तास राबतो, कारण भांडून जाणार कुठे. म्हणजे 'आमच्या नोकऱ्या घेतात' म्हणून ज्याच्यावर दात खायचे त्याला नोकरी मिळते ती तो तक्रार करू शकत नाही म्हणूनच. ऑक्टोबर २०१८ मध्ये गुजरातेत उत्तर भारतीय मजुरांवर हल्ले झाले, माणसं मिळेल त्या गाडीने पळाली, आणि मग परत या म्हणून विनवण्या.

आता पुढचं काम ताईच्या नवऱ्याच्या बांधकाम कामगार नोंदणीचं, म्हणजे कामगारांसाठीच्या सरकारी योजना त्याला मिळाव्यात म्हणून. कायदा म्हणतो वय १८ ते ६०, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम, बस, जन्म कुठला हे विचारलेलं नाही. ठेकेदार ९० दिवसांच्या दाखल्यावर सही देत नाही, दिली तर किती माणसं कामावर आहेत ते कागदावर येईल ना. हजेरीची वही त्याच्याच खिशात. पण या बाबाने बायकोच्या भिशीच्या डायरीत मागच्या पानांवर दिवाळीपासूनची हजेरी लिहून ठेवलीय, साइटच्या नावासकट, पावसाचे खाडेसुद्धा. बुधवारी मी रजा टाकलीय, तो अर्धा दिवस सोडून येतोय, डायरी घेऊन जाणार आहोत.